लिअरची तिसरी मुलगी

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. त्याला अर्धशतक उलटून गेले, तरी वृद्धत्व म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते गणपतराव बेलवलकरच. डॉ. श्रीराम लागूंनी उभी केलेली ती भूमिका ज्यांनी पाहिली नाही, त्यांनी तिच्याविषयी ऐकले तरी आहे. २०१६ साली त्यावर चित्रपट निघाला आणि नव्या पिढीलाही बेलवलकर ठाऊक झाले. ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात, निवृत्तीच्या समारंभात, आणि चौथ्या आज्ञेवरील प्रवचनातही या नाटकाचा दाखला हमखास निघतो. बापाने सर्वस्व दिले, मुलांनी त्याला दारातून घालवले. श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि तरुणांच्या माना खाली जातात.

नाटकाच्या थोरवीविषयी आम्हाला शंका नाही. शंका आहे ती दाखल्याविषयी. आपल्या समाजात आज वार्धक्याचा जो प्रश्न उभा आहे, तो खरोखर गणपतरावांचा प्रश्न आहे काय? आमचे मत असे की, मराठी साहित्याने वार्धक्याकडे बहुतांशी कृतघ्नतेची कथा म्हणून पाहिले आणि त्यामुळे त्या कथेमागे चाललेले गणित आपल्या नजरेआड राहिले. हे गणित आहे लोकसंख्येच्या वयोरचनेचे, म्हणजे समाजात किती मुले, किती हाती-पायी धड माणसे आणि किती वृद्ध याचे.

‘नटसम्राट’चे मूळ शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये आहे हे सर्वज्ञात आहे. परंतु मुळातून रूपांतराकडे येताना शिरवाडकरांनी केलेल्या एका बदलाचा जितका विचार व्हावयास हवा होता, तितका झालेला दिसत नाही. लिअरला तीन मुली होत्या. थोरल्या दोघी गोड बोलून राज्य घेतात आणि बापाला वादळात लोटतात. तिसरी, कॉर्डेलिया, खुशामत करीत नाही म्हणून हद्दपार होते आणि अखेर तीच बापासाठी परत येते. शिरवाडकरांच्या नाटकात एक मुलगा आणि एक मुलगी. आपले सारे त्यांना वाटून देऊन गणपतराव आणि कावेरी प्रथम मुलाकडे राहतात, मग मुलीकडे. तेथे चोरीचा आळ येतो आणि दोघे बाहेर पडतात. परत येणारे तिसरे मूल या कथेत नाही. तिची जागा घेतो तो पदपथावर बुटपॉलिश करणारा राजा, ज्याचे गणपतरावांशी रक्ताचे काहीच नाते नाही.

नाट्यरचनेच्या दृष्टीने हा बदल समर्थनीय आहेच. दोन दारे बंद झाली की शोकांतिका पुरी होते. परंतु जरा थांबून पाहिले तर या काटछाटीत एका काळाची चाहूल लागते. ते दिवस कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचे होते. शहरी मध्यमवर्गाने दोन मुलांचे घर स्वीकारण्यास आरंभ केला होता. दोनच मुले असतील तर तिसऱ्याची वाट पाहता येत नाही, ही साधी गोष्ट शिरवाडकरांच्या प्रतिभेने, कदाचित नकळत, टिपली. मात्र नाटकाचा रोख तिकडे वळला नाही. तो वळला अपराध्याकडे. बापाला घराबाहेर कोणी काढले, असे ते विचारते. बापाला सांभाळावयास उरले कोण, असा प्रश्न त्याला पडत नाही.

हा दुसरा प्रश्न त्याच दशकात जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने विचारला. आमच्या मते या दृष्टीने ते नाटक अधिक धीट आहे. नाना आणि नानी यांचे दोन मुलगे वाईट नाहीत. एक अमेरिकेत स्थिरावला आहे, दुसरा लष्करी सेवेत गेला आहे. कोणी त्यांना घराबाहेर काढीत नाही, कोणी आळ घेत नाही. घर त्यांचेच आहे. फक्त घरात कोणी नाही. दिवस सरता सरत नाही, आलेल्यागेलेल्याला थोपवून धरावे लागते, आणि धाकटाही हिरावला गेल्यावर दोघे आपल्या हातांनी आयुष्य संपवतात. येथे खलपुरुष नाही, आणि म्हणूनच प्रेक्षकाला आपला राग कोणावर काढावा हे कळत नाही. ‘नटसम्राट’ पाहून आलेला माणूस ‘मी असे करणार नाही’ म्हणून समाधानाने झोपू शकतो. ‘संध्याछाया’ पाहून आलेल्याला ती सोय नाही. तरीही दळवींच्या शेवटाशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. आत्महत्या हे पाप आहे एवढे म्हणून आम्ही थांबणार नाही. आमचा साहित्यिक आक्षेप असा की, हा शेवट शेजार, गाव, समाज या सर्वांना फार स्वस्तात मोकळे करतो. मुले नसतील तर जगणेच नाही, हे गृहीतक नाटकाने तपासून पाहिलेच नाही.

ही नाटके लिहिली गेली तेव्हाचा देश कसा होता, हेही ध्यानात घ्यावे. १९७१ च्या सुमारास भारतात साठी ओलांडलेली माणसे शंभरात सहा. स्त्रीमागे सरासरी पाचांहून अधिक मुले. वयोरचनेचे चित्र काढले तर खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला मनोरा. अशा देशात वृद्ध माणूस हा घरातील एक आणि सांभाळणारे अनेक. तेथे वृद्धाची आबाळ झाली तर कोणाचा तरी दोष असलाच पाहिजे, हे मानणे फारसे चूक नव्हते. गणपतरावांचा आक्रोश त्या तरुण देशाला शोभणारा होता.

आज तो मनोरा तसा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत साठीवरील लोकांचे प्रमाण देशात ८.६ टक्के झाले होते, महाराष्ट्रात ९.९, गोव्यात ११.२ आणि केरळात १२.६ टक्के. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्त्रीमागे मुलांची सरासरी देशात २, महाराष्ट्रात १.७ आणि गोव्यात अवघी १.३. देशभरच्या ख्रिस्ती समाजाची सरासरी १.८८, म्हणजे पिढीच्या जागी पिढी उभी राहण्यास जे २.१ लागतात त्यांहून कमी. वृद्ध वाढले ते औषधांमुळे माणसे अधिक जगतात म्हणून, असे आपण सहसा समजतो. ते अर्धेच खरे. समाजाची वयोरचना प्रौढ होते ती मुख्यतः जन्म घटल्यामुळे. पाया अरुंद झाला की वरचे मजले तेवढेच राहूनही मोठे दिसू लागतात. दोन मुलांच्या पिढीत वाढलेले पतिपत्नी चाळिशी-पन्नाशीला येतात, तेव्हा त्यांच्यापुढे दोघांचे मिळून चार आईबाप असतात. पाठीशी भावंडांची रांग नसते. त्यांतील एखादे भावंड कुवेतला वा कॅनडाला असले, तर राहिलेल्याच्या वाट्याला काय येते हे सांगावयास नको. या माणसाचे अंतःकरण कॉर्डेलियाचे असले, तरी त्याला हात दोनच आहेत.

हे गणित ज्या देशाने आपल्या आधी आणि आपल्याहून वेगाने अनुभवले, तो जपान. तेथे १९७० च्या सुमारास पासष्ट वर्षांवरील लोक शंभरात सात होते. १९९४ च्या सुमारास ते चौदा झाले. फ्रान्सला हाच पल्ला गाठावयास शंभराहून अधिक वर्षे लागली होती. आज जपानात ते प्रमाण एकोणतीस टक्क्यांच्या वर आहे. १९४९ साली त्या देशात सुमारे २७ लाख बालके जन्मली होती. २०२४ साली सात लाखांहूनही कमी. या वळणाच्या अगदी आरंभी, १९७२ साली, सावाको आरियोशी या लेखिकेची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ‘भान हरपलेला माणूस’ असा तिच्या नावाचा अर्थ सांगता येईल. आरियोशी कॅथोलिक होत्या, ही आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. परंतु कादंबरीत धर्मोपदेश औषधालाही नाही. आम्ही ती मिल्ड्रेड ताहारा यांच्या १९८४ च्या इंग्रजी अनुवादातून वाचली. तेव्हा भाषाशैलीविषयी बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही, आशयाविषयी आहे.

अकिको ही वकिलाच्या कचेरीत नोकरी करणारी गृहिणी. सासू अकस्मात वारते आणि मग ध्यानात येते की चौऐंशी वर्षांच्या सासऱ्याची, शिगेझोची, स्मृती गेली आहे. तो पोटच्या मुलाला ओळखत नाही. ओळखतो ती सुनेला, जिला त्याने आयुष्यभर टोचून बोलून छळले. आता जेवण झाल्या झाल्या तो पुन्हा भूक लागली म्हणतो, रात्री अनेकदा उठतो, घराबाहेर निघून जातो. अकिकोने त्याच्याजवळ झोपावयाचे, त्याला लघवीला न्यावयाचे, अंघोळ घालावयाची, सकाळी उठून कचेरीत जावयाचे. नवरा वाईट नाही. फक्त तो काही करीत नाही. बापाकडे पाहिले की त्याला आपलेच भविष्य दिसते आणि तो घाबरून नजर वळवतो. मदत मागावयास ती सरकारी खात्याकडे जाते तेव्हा कळते की असे भान हरपलेले वृद्ध ठेवून घेणारी जागा जवळजवळ नाहीच.

या कादंबरीतही दोष आहेत. मधूनमधून ती अहवालासारखी होते. पात्रे आकडे आणि वैद्यकीय माहिती बोलू लागतात आणि कलाकृतीचा धागा सैल पडतो. शिरवाडकरांच्या स्वगतांची उंची येथे शोधू नये. परंतु आपल्या दोन्ही नाटकांत जे नाही ते येथे आहे. ‘नटसम्राट’मध्ये दुःख वृद्धाचे आहे आणि बोलतोही वृद्धच, तेही नटसम्राटाच्या वाणीने. आरियोशींच्या कादंबरीत वृद्धाला वाणीच उरलेली नाही. तेथे दृष्टी आहे ती सांभाळणाऱ्या बाईची. रात्री किती वेळा उठावे लागले, कपडे किती वेळा बदलावे लागले, याची नोंद म्हणजेच त्या कादंबरीची करुणा. सुनेचा रागही लेखिका लपवीत नाही. अकिको संत नाही. तिला हा माणूस आवडत नव्हता, तिला नोकरी सोडावयाची नाही, ती थकते, वैतागते. आणि अशा थकलेल्या अवस्थेतच ती ठरवते की जमेल तितके दिवस याला जगवावयाचे. तिला हे करण्यास कोणी भाग पाडत नाही, आणि कोणी तिचे कौतुकही करीत नाही. सासू-सुनेच्या आणि सासरा-सुनेच्या कथा मराठीत उदंड आहेत. पण सुनेच्या श्रमाला कथेच्या मध्यभागी असे बसवलेले आम्हाला क्वचितच आढळले.

या कादंबरीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिचे नाव स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना लावण्याचा बोलीतला शब्द बनले. १९७३ साली जपानने सत्तरीपुढील वृद्धांसाठी मोफत औषधोपचार सुरू केले, आणि पुढे एप्रिल २००० पासून शुश्रूषा-विमा आणला. त्यात चाळिशीपुढील प्रत्येकाकडून हप्ता घेतात, निम्मा भार करांतून उचलतात आणि घरी येणारा मदतनीस वा दिवसभराचे केंद्र उपलब्ध करून देतात. हे सारे एका कादंबरीने घडवले असे कोणी म्हणणार नाही. परंतु अकिकोचे दोन हात पुरत नाहीत, ही गोष्ट लोकांना पटवून देण्यात तिचा वाटा होता हे निश्चित.

याउलट आपल्याकडे काय झाले? २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. त्यातील मुख्य तरतूद अशी की मुले पोसत नसतील तर वृद्धाने न्यायाधिकरणाकडे जावे आणि दरमहा निर्वाहाची रक्कम मिळवावी. कलम २३ अन्वये तर, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत घेता येते. हे कलम वाचताना गणपतराव डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत. जणू कायदेमंडळाने ‘नटसम्राट’ पाहिले आणि दुसऱ्या अंकावर उपाय केला. उपाय आवश्यकच होता, कारण कृतघ्न मुले आहेत. आईबापांना द्यावयाचे ते ‘कुर्बान’ आहे असे म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभू येशूनेही मार्कच्या शुभवर्तमानात कडक शब्दांत फटकारले आहे. परंतु नाना-नानींना हा कायदा काय देईल? त्यांना पैसा नको आहे. आणि अकिकोला काय देईल? ती तर सांभाळतेच आहे. या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम असावेत असेही म्हटले आहे, परंतु रात्री तिसऱ्यांदा उठणाऱ्या बाईला अर्धा दिवस विसावा कसा मिळेल याचा विचार आपण अद्याप फारसा केलेला नाही.

येथे कोणी म्हणेल, मग अधिक मुले व्हावीत हाच उपाय नव्हे काय? २०२१ साली केरळातील पाला धर्मप्रांताने पाच वा अधिक मुले असलेल्या कुटुंबांना मासिक साहाय्य जाहीर केले, तेव्हा ही चर्चा आपल्यातही झाली. मूल हे देवाचे देणे आहे आणि त्याचे स्वागत करणाऱ्या घराला धर्मग्रामाने हात द्यावा, याविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण वृद्धांची काठी म्हणून मूल मागणे हा मुलाचा सन्मान नव्हे, आणि हिशेबही नव्हे. आज जन्मलेले बालक पंचवीस वर्षे स्वतःच सांभाळावे लागेल. ज्यांच्या काळजीने आपण बोलतो ते तोवर देवाघरी गेलेले असतील.

शिवाय पुष्कळ मुले असूनही काय होते, हे यासुजिरो ओझू यांच्या ‘तोक्यो मोनोगातारी’ या १९५३ च्या चित्रपटाने दाखवून ठेवले आहे. ओनोमिचीहून तोक्योला मुलांकडे आलेल्या वृद्ध जोडप्याला पाच अपत्ये झाली. थोरला डॉक्टर, मुलगी केशभूषेचे दुकान चालवणारी. दोघांनाही वेळ नाही, आणि ते दुष्टही नाहीत. आईबापांना अतामीच्या विश्रांतिस्थळी पाठवून देतात, इतकेच. त्यांना मनापासून वेळ देते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. आई गेल्यावर म्हातारा तिच्या हाती सासूचे घड्याळ देतो आणि कबूल करतो की परक्या घरची असून तिने पोटच्या मुलांहून अधिक केले. लिअरची तिसरी मुलगी येथे सापडते, पण ती रक्ताची नाही. बेलवलकरांचा राजाही रक्ताचा नव्हता. म्हणजे मोठ्या कलाकृतींना हे कोठेतरी उमगलेले आहे की तिसरे मूल नेहमी घरात जन्मत नाही; ते बाहेरून येते.

आणि हे आपल्याला नवे वाटावयास नको होते. रूथने नामीला सोडले नाही, ती नामीच्या पोटची नव्हती, नामीचे दोन्ही मुलगे तर मरण पावले होते. क्रुसावरून प्रभूने आपल्या मातेला ज्याच्या स्वाधीन केले, तो शिष्य तिच्या उदरचा नव्हता. बेनसिराच्या ग्रंथात, बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला समजून घ्यावे अशी शिकवण आहे. शिगेझोची कथा कित्येक शतके आधी कोणाला तरी ठाऊक होती. पण आरंभीची ख्रिस्तसभा केवळ शिकवणीवर थांबली नाही. रोजच्या वाटपात काही विधवांची आबाळ होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना प्रवचन दिले नाही. सात माणसे नेमली. पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर साठ वर्षांवरील विधवांच्या यादीचा उल्लेख आहे. घरच्यांनी आपले कर्तव्य करावे, आणि जिला खरोखर कोणी नाही तिचा भार सभेने घ्यावा, अशी कामाची वाटणी त्या पत्रात स्पष्ट आहे. ख्रिस्तसभेजवळ एकोणीस शतकांपूर्वी ज्येष्ठांची यादी होती. आज आपल्या किती धर्मग्रामांत ती आहे?

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांकडे ख्रिस्तशरीर घेऊन जाणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला हे चित्र परिचयाचे आहे की, ऐंशीच्या आजारी माणसाचे दार सत्तरीचे माणूस उघडते. कोठे अविवाहित राहिलेली लेक असते, कोठे सून, कोठे दूरच्या गावाहून पगारावर आलेली मुलगी, जिची स्वतःची आई तिच्या गावी एकटी आहे. या माणसांची कथा मराठीत, विशेषतः आपल्या ख्रिस्ती मराठीत, कोणी लिहावी? आपल्या नियतकालिकांतून वृद्धांवरील कथा-कविता येतात. त्यांत परदेशातील मुलाचे पत्र असते, रिकामी आरामखुर्ची असते, नाताळच्या रात्रीची वाट पाहणे असते. या साऱ्या कथा गणपतरावांच्या वा नानांच्या आहेत. अकिकोची कथा आम्हाला अद्याप वाचावयास मिळालेली नाही. परदेशातून पैसे पाठवणारा भाऊ आणि येथे राहून अंथरूण बदलणारी बहीण, या दोघांत कोणालाही खलनायक न करता एखादा लेखक ती लिहील, तर ते मोठे काम होईल.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा दिवस म्हणून ठरवून दिला. त्या दिवशी आपण ज्येष्ठांना पुढच्या बाकांवर बसवतो, फुले देतो, आणि मुलांना चार शब्द सुनावतो. फुले जरूर द्यावीत. पण त्याच रविवारी, ज्या घरातील सून मिस्साला येऊ शकली नाही कारण वृद्धाला एकटे टाकता येत नव्हते, त्या घरी धर्मग्रामातील कोणीतरी दोन तास जाऊन बसावे. लिअरची तिसरी मुलगी दर पिढीत कमी कमी जन्मणार आहे, हे आता आकड्यांनी सांगितले आहे. ती बाहेरून येणार असेल, तर तिला कोणीतरी पाठवावे लागेल. सात माणसे नेमण्याचे काम ख्रिस्तसभेने पूर्वी केलेले आहे.